सगळं चालू, पण संपत काहीच नाही

प्रश्न: पणजीला पाटोवर आमचं छोटं ऑफिस आहे, पाच जणांची टीम, हॉटेल-गेस्ट हाऊसवाल्यांच्या वेबसाइट करतो. चवथ झाली की सगळ्यांनाच सीझनच्या आधी साइट हवी असते. आत्ता तीस कामं चालू आहेत, पोरं रात्री उशिरापर्यंत बसतात, तरी आठवड्याला जेमतेम सहा हातावेगळी होतात. अजून एक माणूस घेऊ का? – एक वाचक, फोंडा

उत्तर: माणसाचं नंतर बघा, आधी चालू कामं कमी करा. तीस कामं नि आठवड्याला सहा, म्हणजे हातात घेतलेलं काम संपायला सरासरी पाच आठवडे लागणारच. हे गणित अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलंय. वेग तोच ठेवून चालू कामं बारावर आणलीत तर दोन आठवडे. बाकीची रांगेत थांबतील हे खरं, पण अर्धवट पडून राहणार नाहीत, नि पोरांना दिवसातून दहा वेळा इकडून तिकडे उड्या माराव्या लागल्या नाहीत की वेगही बहुतेक वाढतोच.

टोयोटाच्या कारखान्यात तिथल्या इंजिनिअर टाइची ओहनोंनी हेच कार्डांवर बसवलं, पुढून कार्ड आल्याशिवाय मागच्याने माल बनवायचाच नाही. तुम्ही भिंतीवर चिठ्ठ्या लावा: बाकी, चालू, तपासणी, झालं. चालू नि तपासणी मिळून बाराच, जमलं की आठवर या. जागा नसेल तर मोकळ्या झालेल्या पोराने नवीन काम उचलायचं नाही, तपासणीत अडकलेलं पुढे ढकलायला मदत करायची.

खरी गोची क्लायंटकडे अडकलेल्या कामांची असते. कळंगुटच्या गेस्ट हाऊसवाल्याने रूमचे फोटो दिले नाहीत, रेट ठरले नाहीत, म्हणून चिठ्ठी बाजूला काढून नवीन काम घेतलं की तीस व्हायला वेळ लागत नाही. ती चिठ्ठी मोजणीतच ठेवा, जागा अडली की कोणीतरी फोन करतोच! आणि इथून पुढे फोटो, रेट, मजकूर हातात आल्याशिवाय चिठ्ठी 'चालू'त जाऊच देऊ नका, माझ्या मते निम्मा त्रास इथेच संपेल.

अर्जंट काम एका वेळी एकच. आणि हा नियम बहुतेक वेळा मालकच मोडतो, "एवढं जरा बघ रे" म्हणून, तेव्हा तुम्हीही चिठ्ठी लावूनच काम द्या. रांगेतल्या क्लायंटचा फोन आला तर चालू आहे असं सांगू नका, कुठल्या आठवड्यात हातात घेणार ते सांगा.