पानाचं क्षेत्रफळ कोणाचं ९६, कोणाचं १५, कोणाचं ६००: शिक्षक प्रशिक्षणातला घोळ

मॅडम, तुमची पोस्ट वाचली आणि आकडे लगेच ओळखीचे वाटले. पिंपळाचं एक पान, एकाच फोनवर काढलेला एकच फोटो, इमेजजे या फोटोवरून मापं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजणारे चाळीस शिक्षक. बहुतेकांचं उत्तर ९६ चौरस सेंमी, काहींचं १५, दोघांचं चक्क ६००. "आता सगळं पहिल्यापासून शिकवू का?" असं तुम्ही विचारलंय. अजिबात नको. शिक्षकांना मोजता येतंय, त्यांच्या हातात फाइली वेगवेगळ्या होत्या.

१२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. तोच व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून टाकला की लांब बाजू १६०० च्या आसपास येते, म्हणजे ०.४ पट. लांबी ०.४ पट झाली की क्षेत्रफळ ०.१६ पट होतं. ९६ ला ०.१६ ने गुणा, १५.४ येतात, भागा, बरोबर ६००. ज्यांनी मूळ फोटोवर स्केल लावून (म्हणजे १ सेंमीत किती पिक्सेल ते सांगून) ग्रुपवरचा फोटो मोजला त्यांना १५ मिळाले, ज्यांनी उलट केलं त्यांना ६००.

हे घडतं 'सेट स्केल'च्या खिडकीतल्या 'ग्लोबल'समोरच्या टिकमुळे. ती लावली की एका फोटोचं स्केल पुढे उघडलेल्या प्रत्येक फोटोला चिकटतं. प्रशिक्षणात वेळ वाचवायला सगळे ती लावायला सांगतात. माझं मत स्पष्ट आहे: लावू देऊ नका. प्रत्येक फोटोत पट्टी हवी आणि प्रत्येक फोटोवर स्केल नव्याने लावायचं. तसं केलं तर व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटोही चालून जातो. १ सेंमीला १०० ऐवजी ४० पिक्सेल मिळतात, कडा थोडी कमी नेमकी लागते, एवढंच. फोटो कापला तर स्केल बदलत नाही, लहान-मोठा केला तर बदलतं. हा फरक फळ्यावर लिहून ठेवा.

तपासायची सवय एकच लावा. इमेजजेच्या खिडकीत फोटोच्या वरच्या ओळीकडे बघायचं. स्केल लावल्यावर तिथे ४० × ३० सेंमी (४००० × ३०००) असं काहीतरी दिसतं. तीच चौकट १६ × १२ सेंमी दिसली तर पुढे मोजूच नका. टेबलावर ए४ कागद पसरलेला असताना चौकट १६ सेंमीची कशी असेल?

आता ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त नुकसान होतं ती. आमच्याकडे एका कार्यालयाचा (नाव घेत नाही) आग्रह असायचा की सगळे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच टाकायचे, कारण अहवालाला ते सोपं. पेन ड्राइव्ह लावायला बंदी, सॉफ्टवेअर टाकायचं तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड, आणि पासवर्ड ज्यांच्याकडे ते साहेब नेमके प्रशिक्षणाच्या दिवशी दुसऱ्या बैठकीला. मोजमापाच्या प्रशिक्षणात मूळ फाइल पोचवणं हे अर्धं काम आहे, आणि हजेरीपट पूर्ण भरला की प्रशिक्षण झालं असं मानणाऱ्यांना ते पटवणं कठीण. वाद घालू नका. ग्रुपवर त्यांच्यासाठी टाकायचे ते फोटो टाका, मोजायचे फोटो वेगळे न्या.

नेण्याचे मार्ग: व्हॉट्सअ‍ॅपवरच पण 'डॉक्युमेंट' म्हणून (एचडी केलं तरी मूळ फाइल जात नाही), किंवा यूएसबी केबलने. केबल आधी तपासा. स्वस्त केबलींत बऱ्याचदा फक्त चार्जिंगच्या तारा असतात, मग फोनवर 'फाइल ट्रान्सफर' येतच नाही. आयफोनवाल्यांना कॅमेऱ्याच्या फॉरमॅटमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' करायला सांगा, नाहीतर आयफोनची एचईआयसी प्रकारची फोटो-फाइल इमेजजेत उघडणार नाही. पासवर्डच्या अडचणीवर उपाय म्हणजे जावासकट (इमेजजे चालायला लागणारं सॉफ्टवेअर) येणारं इमेजजे. झिप उघडा आणि चालवा, इन्स्टॉल करावं लागत नाही. अर्थात काही ठिकाणी तेही अडवलेलं असतं, आदल्या दिवशी बघून घ्या.

फोटो कसा काढायचा ते सगळ्यांना येतं, पण जवळून काढू नका. ६० सेंमीवरून, २एक्स झूम लावून काढा. पान कागदापासून १ सेंमी वर उचललेलं असेल तर ६० सेंमीवरून क्षेत्रफळ साधारण साडेतीन टक्के जास्त येतं, १५ सेंमीवरून जवळपास १५ टक्के. म्हणून पान आधी अर्धा तास रद्दीत दाबून सपाट करा. स्टीलची पट्टी चमकते, आलेख कागद बरा. काहीच नसेल तर १० रुपयांचं नाणं, व्यास २७ मिमी. एटीएम कार्ड मापाला छान असतं (८५.६ मिमी), पण त्याचा फोटो नंबरासकट ग्रुपवर जाईल, तेव्हा ते नकोच.

थ्रेशोल्ड करताना (म्हणजे गडद-फिक्या फरकावरून पान कागदापासून वेगळं काढताना) पानाची सावलीही पान म्हणून मोजली जाते, तेव्हा फ्लॅश बंद आणि उजेड दोन बाजूंनी. 'सेट मेजरमेंट्स'मध्ये 'लिमिट टू थ्रेशोल्ड'वर टिक नसेल तर निवडलेल्या पूर्ण चौकटीचं क्षेत्रफळ येतं. हे जवळजवळ प्रत्येक तुकडीत होतं. आणि देठ धरायचा की नाही हे आधी ठरवा, नाहीतर त्यावरच अर्धी तासिका जाईल.

पानाआधी पुठ्ठ्याचा १० × १० सेंमीचा तुकडा मोजायला द्या. ९८ ते १०२ आले की पुढे जा. १६ किंवा ६२५ आले तर फाइल बदललेली आहे. १०५-११० आले तर पट्टी आणि तुकडा एका पातळीत नाहीत. एक बाजू आखूड आली तर फोन तिरका होता.

(मी फक्त इमेजजेबद्दल खात्रीने बोलतोय. मोबाइलवरच्या मापन अ‍ॅपांवर माझा विश्वास नाही, पण ते माझं वैयक्तिक मत.)

तुम्ही पुढच्या टप्प्यात सावल्या मोजायला घेणार म्हणालात. मुंबईत शून्य सावली (सूर्य बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते तो दिवस) १५ मे आणि २८ जुलैच्या आसपास, म्हणजे एकदा सुट्टी आणि एकदा ढग. त्यापेक्षा २२ डिसेंबरच्या सुमारास घ्या: १ मीटर काठीची मध्यान्हीची सावली साधारण ९१ सेंमी, वेळ १२ वाजून ३७ मिनिटांच्या आसपास. तिथे मात्र फोटो हमखास तिरका येतो, टेपनेच मोजा.