इंद्रजाल ही मुळी नव्हे : वाचकांची प्रश्नोत्तरे

नागपुरापासून समुद्र शेकडो कोस दूर असला, तरी प्रवाळ, समुद्रफूल (सी ॲनिमोन) आणि जेलीफिश या निडारिया संघातील, म्हणजे दंशपेशी असलेल्या प्राण्यांविषयी सारख्याच गैरसमजांची पत्रे पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे त्यांतील काहींना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : प्रवाळ हे झाड की दगड?

प्राणी. दगड दिसतो तो त्याचा सांगाडा.

प्रश्न : अंगठीतील पोवळे खरे आहे का, हे लिंबाच्या रसाने ओळखता येते का?

नाही. पोवळे कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने फसफसते खरे, पण शिंपला आणि संगमरवरही तसेच फसफसतात. शिवाय पोवळे अस्सल असलेच, तर त्याची झिलई कायमची जाते. रत्नपरीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे.

प्रश्न : वास्तुदोषावर उपाय म्हणून ‘इंद्रजाल’ नावाची दुर्मिळ मुळी चौकटीत मढवून घेतली आहे. ती देवघरात ठेवावी का?

ठेवू नये, आणि ती मुळीही नव्हे. या नावाने विकले जाते ते समुद्रपंखा किंवा काळे प्रवाळ या प्राण्यांच्या वसाहतीचे वाळलेले कलेवर असते. एका वाचकाने दाखवलेला तुकडा मी भिंगाखाली पाहिला, तेव्हा काळ्या जाळीच्या एका कोपऱ्यात वाळलेली साल शिल्लक होती आणि तिच्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे ओळीने दिसत होती. प्रत्येक छिद्रात कधीकाळी आठ शुंडकांचा (तोंडाभोवतीच्या लवचीक सोंडांचा) एक जिवंत पॉलिप, म्हणजे वसाहतीतला एक इवलासा प्राणी, राहत होता. ही वसाहत अतिशय सावकाश वाढते, म्हणून समुद्रतळावरून खरवडून काढलेली एक जाळी भरून यायला वर्षानुवर्षे लागतात. समुद्रपंखे आणि काळी प्रवाळे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांचा व्यापार हा कारावासाचा गुन्हा आहे. विक्रेते हे जाणतात, म्हणूनच प्राण्याला ‘मुळी’ म्हणतात. त्या चौकटीने घरातला कोणताही दोष जात नाही. उलट बेकायदा वस्तू मात्र घरात येते. ती कोणाला भेट देऊ नका, विकू नका, ‘बघू पुढे’ म्हणून माळ्यावरही टाकू नका. वन विभागाचे मुख्यालय असलेले वनभवन आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे; आधी वकिलाचा सल्ला घ्यावा आणि मग वन विभागाला याच आठवड्यात कळवावे.

प्रश्न : मालवणला मुलाच्या पायाला जेलीफिशचा दंश झाला. वाळू चोळून गोड्या पाण्याने धुतल्यावर आग वाढली. असे का?

दोन्ही उपाय ऐकीव आणि घातक. शुंडकांवरील प्रत्येक दंशपेशीत विषारी धागा गुंडाळलेला असतो. चोळल्याने किंवा गोडे पाणी लागल्याने त्वचेवर चिकटलेल्या, अजून न फुटलेल्या पेशीही फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चिकटलेले धागे चिमट्याने काढावेत, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा. श्वास लागला, उलट्या झाल्या किंवा चेहरा सुजला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे. वळ अजून राहिले असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत क्लाउनफिशसाठी समुद्रफूल आणावे का?

आणू नये. त्याच्या शरीरातील सूक्ष्म शैवालांना प्रखर प्रकाश लागतो आणि आपल्या मे महिन्यात टाकीचे पाणी तापले की ती शैवाले निघून जाऊन समुद्रफूल पांढरे पडते. क्लाउनफिश टाकीत त्याच्याशिवायही उत्तम जगतो. ‘जोडीनेच घ्यावे लागते’ ही दुकानदारी आहे. मासा आणण्यापूर्वीही मत्स्यतज्ज्ञांना टाकीचे पाणी दाखवून घ्यावे.