हात लावला नाही, मग तक्रार कशाची?

‘मावशी, मी मिरजेची. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिते. आम्ही सातजण आहोत. कारभार मालकांचे मेहुणे बघतात. रात्री अकराला मेसेज येतो, “आजच्या हिरव्या साडीत नजर हटत नव्हती.” गोदामाच्या बोळात मुद्दाम वाट अडवून उभे राहतात. पगारवाढीचं विचारलं तर म्हणाले, “आधी जरा मोकळं वागायला शिका, मग बघू.” नवरा म्हणतो, नोकरी सोड. सासूबाई म्हणतात, हात तर लावला नाही ना, मग तक्रार कशाची? आणि मावशी, एवढ्याशा पेढीत कुठली समिती नि कुठलं काय!’

सासूबाईंवर रागावू नकोस. त्यांना पडलेला प्रश्न दिल्लीच्या उच्च न्यायालयालाही पडला होता. १९८८ साली तयार कपड्यांच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या एका परिषदेत, अध्यक्षांच्या खासगी सचिवाने एका टायपिस्ट मुलीला डिक्टेशनच्या निमित्ताने हॉटेलात नेलं. ती नको नको म्हणत असताना तो तिच्या अंगचटीला जायला बघत होता. परिषदेने त्याला कामावरून काढलं. उच्च न्यायालय म्हणालं, त्याने प्रयत्न केला, प्रत्यक्ष अंगाला हात लागला नाही. आणि त्याला कामावर परत घ्यायला सांगितलं. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. लैंगिक छळ ठरायला स्पर्श झालाच पाहिजे असं नाही, आणि असल्या प्रकरणात बारीकसारीक तांत्रिक खुसपटं काढत बसू नका, असं न्यायमूर्तींनी बजावलं. बडतर्फी कायम झाली. हा ए. के. चोप्रा खटला. घरी जेवताना सहज सांगून बघ, नवऱ्यालाही ऐकू दे.

त्याच्या दोन वर्षं आधी, १९९७ मध्ये, विशाखा निकाल आला होता. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी सरकारी योजनेत ‘साथिन’ म्हणजे गावातल्या कार्यकर्त्या म्हणून काम करायच्या. बालविवाह अडवला म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला आणि १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना सोडून दिलं. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या कामाच्या जागांसाठी लैंगिक छळाविरुद्धचे नियम घालून दिले. त्या खंडपीठावर मुंबईच्या न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या. जिच्यामुळे हे घडलं तिच्या पदरात मात्र न्याय पडला नाही, हे मला अजून पचत नाही. नियम कागदावरच राहतात म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले पुन्हा कोर्टात गेल्या, त्यावर २०१२ मध्ये निकाल लागला, आणि २०१३ मध्ये संसदेने कायदा केला. त्यातल्या छळाच्या व्याख्येत अश्लील शेरेबाजी आहे, लैंगिक मागणी आहे, आणि वाढ-बढतीची आशा किंवा नोकरी जाण्याची भीती दाखवणंही आहे. मालकांच्या मेहुण्यांचं ‘मोकळं वागा, मग बघू’ नेमकं तिथं बसतं.

आता तुमच्या सातजणांचं. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं मालकाने अशा तक्रारी ऐकायला अंतर्गत समिती नेमायची. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती ती ऐकते. सांगलीत जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन ती कुठं बसते ते विचार. कुणी ‘माहीत नाही’ म्हणालं तर हलू नकोस. देशभर या समित्यांची काय दशा आहे यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नाराजी दाखवली आहे.

तक्रार लेखी हवी, सहा प्रतींत. प्रसंग, तारीख, जागा, कोण आसपास होतं, एवढंच लिही. रडगाणं नको, शिव्याही नकोत. मेसेज खोडू नकोस, त्यांचे स्क्रीनशॉट घेऊन एखाद्या विश्वासातल्या माणसाकडे ठेव. चौकशी सुरू असताना तू रजा मागू शकतेस, तीन महिन्यांपर्यंत. नाव बाहेर फोडायला कायद्याने मनाई आहे. ‘सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच उलटेल’ असं पेठेत कुणीतरी सांगेलच. नुसता पुरावा कमी पडला म्हणून तक्रारदारावर कारवाई होत नाही. जाणूनबुजून खोटं बोलल्याचं चौकशीत ठरावं लागतं. मालक ‘आपापसात मिटवू’ म्हणाले, तर लक्षात ठेव, समेट फक्त तू मागितलास तरच होतो, आणि तोही पैशावर करता येत नाही.

नोकरी सोडायची की नाही, हे तुझं तू ठरव. पण मेहुण्यांच्या वागण्यापायी सोडणार असशील, तर आधी तक्रार दाखल कर.

एक गोष्ट पत्रात राहून गेली आहे. शेवटचा मेसेज कधी आला? त्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची असते. उशिराचं सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नकोस. आज मोबाइल उघडून तारीख बघ.