वाचन भरपूर, तरी लेखन विस्कळीत

"मॅडम, मी रोज दोन तास वाचते, तरी लिहायला बसले की पहिल्या वाक्यापुढे जाताच येत नाही," अशी तक्रार घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. तिच्या निबंधावर प्राध्यापकांनी 'मुद्दे विस्कळीत' असा शेरा दिला होता आणि आपल्याला लेखनाचे अंगच नाही, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते. वाचन वाढवले की लेखन आपोआप सुधारते, असे मुलांना सरसकट सांगितले जाते. त्या सल्ल्यामुळे कित्येक कष्टाळू मुले स्वतःलाच दोष देऊ लागतात, याचे मला फार वाईट वाटते.

मी तिला तिचे अभ्यासाचे पुस्तक आणायला सांगितले. पानेच्या पाने पिवळ्या हायलायटरने रंगलेली होती. एका परिच्छेदावर बोट ठेवून मी विचारले, "हा परिच्छेद इथे काय काम करतो?" तिने त्यातील माहिती अचूक सांगितली. "माहिती तुला समजली आहे, पण लेखकाने ती याच जागी का दिली?" यावर मात्र ती बराच वेळ गप्प राहिली.

आम्ही हायलायटर बाजूला ठेवून पेन्सिल घेतली. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात त्याचे काम दोन-तीन शब्दांत लिहायचे ठरले: दावा मांडतो, आक्षेप नोंदवतो, आधीच्या विधानाला मर्यादा घालतो. रोज दोनच पाने, पण सावकाश.

दुसरा सराव अमेरिकन लेखक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांच्या आत्मचरित्रातला. छापखान्यात उमेदवारी करणारा हा मुलगा 'स्पेक्टेटर' या नियतकालिकातील लेखांच्या वाक्यांचा आशय त्रोटक टिपून ठेवी, काही दिवसांनी मूळ लेख न पाहता तो पुन्हा लिहून काढी आणि मग दोन्ही ताडून आपल्या चुका दुरुस्त करी. कधी तो टिपणांचा क्रम मुद्दाम विस्कटून टाकी आणि काही आठवड्यांनी ती पुन्हा नीट लावण्याचा प्रयत्न करी. मुद्द्यांची जुळणी न जमणाऱ्यांसाठी हा भाग मला विशेष मोलाचा वाटतो.

तिने एका परिच्छेदावर हे करून पाहिले. मूळ वाक्य होते, "ही पद्धत सोपी आहे, तरीही ती फारशी रुजली नाही." तिने लिहिले होते, "ही पद्धत सोपी आहे आणि ती फारशी रुजली नाही." दोन्ही वाक्ये शेजारी ठेवल्यावर तीच म्हणाली, "माझ्या 'आणि'मुळे त्यातला विरोधच गेला." त्यानंतर 'तरीही', 'म्हणून', 'याउलट' असे वाक्ये जोडणारे शब्द ती वाचताना वेगळे टिपू लागली. गती सुरुवातीला मंदावली आणि परीक्षेच्या धास्तीने ती दोनदा हा सराव सोडायलाही निघाली होती.

सहाव्या भेटीत तिने स्वतःचाच निबंध आणला. समासात पेन्सिलीच्या नोंदी होत्या. चौथ्या परिच्छेदापासून बाण काढून तो दुसऱ्याच्या आधी नेला होता आणि तिसऱ्यासमोर लिहिले होते, "याला काही काम नाही. काढायचा."