नौदलाच्या लिलावातली जुनी जिप्सी मुंबईहून आणून नागपूर आरटीओत नोंदवता येते का?

हो, येते, पण लॉट (लिलावातला माल) ‘वाहन’ म्हणून विकला असेल तरच. भंगार म्हणून घेतलेल्या गाडीचं पासिंग विसरा. लष्करी गाडीची नोंद मोटार वाहन कायद्याच्या कलम 60 खाली होते. ती सेवेतून निघाली की कलम 39 आणि 40 लागू होतात, म्हणजे रस्त्यावर आणण्याआधी आरटीओत नवी नोंदणी (नागपुरात एमएच 31, 40 किंवा 49). तोवर बाणाचं चिन्ह असलेल्या जुन्या लष्करी नंबरवर चालवू नका, ट्रेलरवरच आणा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 47 नुसार फॉर्म 20 (नोंदणीचा अर्ज), विमा, पत्त्याचा पुरावा आणि संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने सही केलेला मूळ फॉर्म 21 (विक्रीचा दाखला) लागतो. खरी अडचण या फॉर्म 21 मध्येच येते. ओव्हरहॉलमध्ये अनेकदा इंजिन बदललेलं असतं आणि कागदावर जुनाच नंबर राहतो. म्हणून बोली लावण्याआधी यार्डात जा, चॅसिसवरचा गंज तारेच्या ब्रशने हलकेच काढा, कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि चॅसिस व इंजिन असे दोन्ही नंबर लॉटच्या यादीशी एकेक अंक जुळवा. समुद्राच्या खाऱ्या हवेत अंक झिजलेले असतात. 3 आणि 8 मध्ये हमखास घोळ होतो. कागदातली दुरुस्ती ताबा घेण्याआधीच करून घ्या, नागपुरात परतल्यावर त्यासाठी फार हेलपाटे पडतात. रंग ऑलिव्ह ग्रीन असेल तर तोही बदला, त्याची मुभा फक्त संरक्षण खात्याला आहे. मात्र 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्या (चिलखती व तत्सम खास लष्करी गाड्या सोडून) स्क्रॅपिंग केंद्रातच जातात, त्यामुळे पहिल्या नोंदणीची तारीख सगळ्यात आधी बघा.