डोकेदुखीची गोळी घेण्याआधी

आधी दुखणं ओळख. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटत असेल तर बहुतेकदा पॅरासिटामॉल पुरते. पण सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही तीच असते, म्हणून पाकीट उलटून वाच. सगळं मिळून मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. आयबुप्रोफेन ही दुसरी वेदनाशामक गोळी उपाशीपोटी नकोच, आणि अल्सर, किडनीचा त्रास किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. अर्धं डोकं ठणकून मळमळतं, उजेड सोसत नाही? मग डॉक्टरांना ट्रिप्टान या मायग्रेनच्या खास गोळ्यांबद्दल विचार.

मी गोळीच्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारते. महिन्यात १० ते १५ फुल्या होऊ लागल्या की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. मी त्यात फार अडकले होते गं. एकाएकी, कधी नव्हे इतकं दुखलं, तर गोळी शोधत बसू नकोस, तडक दवाखाना गाठ.