लॅपटॉपचं एक बटण निघालं तर अख्खा कीबोर्ड बदलावाच लागतो का?

नाही. तुमचं ‘ई’चं बटण आधी हलत होतं, आता निघून हातात आलंय. दुकानदार म्हणतो कीबोर्ड बदला, मित्र म्हणतो फेविक्विक लाव. दोघांचंही ऐकू नका.

‘सिंगल बटन नहीं आता भिया, पूरा बोर्ड डलेगा’ हे वाक्य आमच्या इंदूरच्या काउंटरवर बटण उचलून बघायच्या आधीच तयार असतं. याचा मला भयंकर राग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅप, म्हणजे बटणाचं वरचं झाकण, निघालेलीच आहे, तर खालच्या रबराच्या वाटीवर बोटाने हलकेच दाबा. स्क्रीनवर अक्षर उमटलं की समजा विजेच्या बाजूने सगळं ठीक आहे, भानगड फक्त प्लास्टिकची आहे. उमटलंच नाही आणि जोडीला आणखी दोन-चार बटणं मेलेली असली, तर आतला मेम्ब्रेन (बटणांचा दाब टिपणारा पातळ पडदा) किंवा मदरबोर्डकडे जाणारी चपटी पट्टी गेली. चहा-पाणी सांडल्यावर बहुतेक हेच होतं. तेवढ्यापुरता दुकानदार बरोबर.

प्लास्टिकचं काम असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून तीन जागा बघा. कॅपखाली एकमेकींत अडकलेल्या दोन बारीक चौकटी असतात, कात्रीसारख्या मिटतात. बाजारात या जोडीला नुसतं क्लिप म्हणतात. तिच्या कडेच्या पिना केसासारख्या बारीक असतात. त्यातली एक तुटली की बटण एका बाजूला कलतं. दुसरी जागा कॅपच्या पोटातल्या खाचा. तिसरी खालच्या पत्र्याचे हुक. हुक नुसता वाकला असेल तर चिमट्याने सावकाश सरळ करा, पण एकदाच; मागेपुढे केलात की तुटतो, आणि मग खरंच कीबोर्ड बदलावा लागतो.

बसवताना आधी क्लिप पत्र्याच्या हुकांत अडकवायची, मग कॅप वरून दाबायची. ‘कट्’ असा आवाज दोन्ही बाजूंनी आला पाहिजे. क्लिपची दिशा कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून शेजारच्या बटणाची कॅप किंचित उचलून बघा. जोर लावावा लागतोय म्हणजे क्लिप उलटी आहे.

फेविक्विक का नको? ते पातळ असतं, सांध्यात झिरपतं, आणि ज्या सांध्याने मिटायचं तोच दगड होतो. वर वाफेने आजूबाजूला पांढरी साय धरते ती वेगळीच. रबराची वाटी सुटली असेल तर सिलिकॉन सीलंट घ्या, टूथपिकच्या टोकाने काठाला दोन-तीन ठिपके द्या. पूर्ण गोल भरू नका. वाटी दबली की आतली हवा बाहेर जायला जागा हवी, नाहीतर बटण दाबलं की सुस्तावल्यासारखं वर येतं. 24 तास वाळू द्या, मग कॅप.

स्पेसबारचा मामला निराळा. त्याच्याखाली लोखंडी तार असते, ती पत्र्याच्या दोन कानांत बसते. तार न बसवता कॅप दाबली तर मधे दाबल्यावर चालतं, कडेला दाबल्यावर अडतं. इंदुरात स्पेसबार अडण्याचं दुसरं कारण शेव. तिचा चुरा तेलकट असतो, धुळीबरोबर तारेच्या टोकाशी लापशीसारखा बसतो, आणि ब्लोअर मारला की आणखी आत जातो. लॅपटॉप पूर्ण बंद करा, तार काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओली केलेली कानकाडी फिरवा. पाणी किंवा सॅनिटायझर नको.

सुटं बटण मिळतं. इंदुरात जेल रोडला किंवा सिल्व्हर मॉलमध्ये मेलेल्या कीबोर्डांचे ढीग असतात. पण नुसत्या मॉडेल नंबरावर जाऊ नका. एकाच मॉडेलला दोन-तीन कंपन्यांचे कीबोर्ड लागलेले असतात, कॅप दिसायला तीच आणि क्लिप वेगळी. तुमची तुटकी क्लिप आणि पत्र्याच्या हुकांचा जवळून काढलेला फोटो सोबत न्या.

तोवर काम अडलं असेल तर स्वतःच्याच कीबोर्डवरची कमी लागणाऱ्या बटणाची क्लिप काढून लावा, फक्त आकार तोच बघा. इंग्रजीवाले सर्रास अर्धविरामाचं नाहीतर चौकटी कंसाचं बटण काढायला सांगतात. तुम्ही इनस्क्रिप्टवर (भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्ड मांडणी) मराठी टाइप करत असाल तर तिथे ‘च’ आणि ‘ड’ आहेत! त्यापेक्षा ‘1’ आकड्याच्या डावीकडचं बटण काढा. तिथला ऱ्हस्व ‘ॊ’ मराठीत लागत नाही.

हे सगळं साध्या क्लिपच्या कीबोर्डाबद्दल झालं. 2015 ते 2019 मधली बरीचशी मॅकबुक वेगळ्या, अगदी पातळ बटरफ्लाय यंत्रणेची आहेत. तिथे कॅप घरी उचलू नका. लॅपटॉप कुठलाही असो, वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीलाच विचारा. आणि हो, ज्या लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या बॉडीला प्लास्टिकच्या वितळवलेल्या रिव्हेटांनी बसवलेला असतो, तिथे ‘पूरा बोर्ड’ म्हणजे सगळे रिव्हेट तोडून पुन्हा वितळवणं किंवा बॉडीसकट बदलणं. दुकानदार हे आधी सांगत नाही. म्हणून त्याला एवढंच विचारा: पिन तुटली, खाच तुटली की हुक? उत्तर न देता तो किमतीवर आला, तर लॅपटॉप उचला आणि पुढच्या दुकानात जा.